अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांकडे आईवडील जाणार: व्हिसा, विमा, औषधं, सामान, मुक्काम

ओसरी

मुलगा किंवा मुलगी एफ-१ व्हिसावर शिकते आहे आणि आईवडील भेटायला किंवा पदवीदानाला निघालेत, एवढ्यापुरताच हा धागा. बाळंतपणासाठी जाणारे, ग्रीन कार्डवाल्यांचे आईवडील यांचे प्रश्न वेगळे, ते इथे नकोत. व्हिसाचं मी लिहिते. बाकी विषयांत ज्याला जे नक्की ठाऊक आहे त्याने भर घालावी. ऐकीव नको.

आधी तारखांचं. पदवीदान समारंभ बहुतेक ठिकाणी मे महिन्यात असतो. आईवडिलांना लागतो बी-१/बी-२ म्हणजे भेटीचा व्हिसा, आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं. 'तातडीची अपॉइंटमेंट मागू' असं पुष्कळजण गृहीत धरतात. ती गंभीर आजारपण, अंत्यविधी अशा कारणांसाठी असते. लग्न आणि पदवीदान ही कारणं चालणार नाहीत असं सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. भारतीयांना हा व्हिसा सहसा १० वर्षांचा मिळतो, तेव्हा मुलाचं पहिलं सेमिस्टर संपतानाच अर्ज करून ठेवला तर काहीच बिघडत नाही.

डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म प्रत्येकाचा वेगळा भरायचा. अपॉइंटमेंट मात्र नवराबायकोची एकत्र घेता येते. फी माणशी १८५ डॉलर, ती रुपयांत भरायची आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात आणखी २५० डॉलरच्या एका फीची तरतूद झालेली आहे, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत साइटवरचा आकडा बघूनच भरा.

फॉर्ममध्ये लोक अडकतात त्या जागा:

फॉर्म २० मिनिटं नुसता उघडा राहिला की बंद होतो. पहिल्याच पानावर मिळणारा अर्ज क्रमांक आणि सुरक्षाप्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा, प्रत्येक पान झालं की सेव्ह करा.

नाव पासपोर्टमध्ये जसं आहे तसंच. पासपोर्टमध्ये आडनावाची जागा रिकामी असेल तर असलेलं नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या रकान्यात 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) लिहावं लागतं. हे व्हिसावरही तसंच छापून येतं आणि विमानाच्या तिकिटाशी जुळत नाही. आईच्या जुन्या पासपोर्टमध्ये हा प्रकार फार सापडतो. वेळ असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, मग अर्ज.

'अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का' याला 'हो'. नातं मुलगा/मुलगी, आणि स्टेटसमध्ये 'नॉनइमिग्रंट'. 'माहीत नाही' हा पर्याय निवडू नका. स्वतःच्या मुलाचं स्टेटस माहीत नाही असं कसं, हा प्रश्न मग समोरून येतो.

पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असेल, अगदी ३० वर्षांपूर्वी, तरी लिहायचा. त्यांच्याकडे नोंद असते. नकार आलेला असला म्हणून व्हिसा मिळत नाही असं नाही, पण खोटं उत्तर दिल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी येऊ शकते.

मागच्या ५ वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. वडिलांचं बंद पडलेलं फेसबुक खातंही त्यात आलं.

फोटो २ इंच बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, ६ महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. स्टुडिओवाल्याला 'अमेरिकन व्हिसाचा' असं सांगा. पासपोर्ट साइजचा चालत नाही.

फॉर्म एकदा सबमिट झाला की बदलता येत नाही. चूक सापडली तर नवा भरायचा, आणि नव्या फॉर्मचा क्रमांक अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये आधीच घालायचा. हे राहिलं तर व्हिसा केंद्राच्या दारातून परत पाठवतात.

तारीख बदलायचं जपून करा. १ जानेवारी २०२५ पासून एकदाच फुकट बदलता येते, दुसऱ्यांदा बदलली किंवा चुकवली की फी पुन्हा भरायची.

खडीसाखर

उत्तम धागा. एक विचारते. मुलाकडून नोटरी केलेलं आमंत्रणपत्र, त्याच्या बँकेचं स्टेटमेंट आणि आय-१३४ (खर्चाच्या हमीचा) फॉर्म हवाच असं एजंट सांगतोय. खरंच लागतं का?

ओसरी

नाही. भेटीच्या व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा आय-१३४ यांची सक्ती नाही. आणि थोडा विचार करा: विद्यार्थ्याच्या आय-२० वर (विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा कागद) त्याचा स्वतःचा खर्च कोण भागवतंय ते छापलेलं असतं, बहुधा आईवडील किंवा शैक्षणिक कर्ज. त्याच मुलाने 'आईवडिलांचा खर्च मी करतो' असं पत्र दिलं तर अधिकाऱ्याला कोडंच पडेल. खर्च करणाऱ्याच्या रकान्यात 'स्वतः' लिहा आणि स्वतःचे कागद न्या: पेन्शनचा आदेश किंवा पगारपत्रक, ३ वर्षांची आयकर विवरणपत्रं, ठेवी, घराचे कागद. मुलाचे म्हणून आय-२० ची प्रत, त्याच्या व्हिसाची आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत, विद्यापीठाचं नोंदणीपत्र. बऱ्याचदा यातला एकही कागद बघत नाहीत, तरी फाइल सोबत असावी.

सह्यकडा

मुलाखतीबद्दल भर घालतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) प्रमाणे अर्जदार तिकडे कायमचा राहायला निघालाय असंच अधिकाऱ्याने गृहीत धरायचं असतं, तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. सगळं २-३ मिनिटांत आटोपतं. विचारतात ते साधारण असं: कुणाकडे, तो काय शिकतो, कुठल्या शहरात, शिक्षण कधी संपणार, तुम्ही काय करता, किती दिवस राहणार, बाकी मुलं कुठे असतात.

इथे गडबड होते ती मुलाची माहिती नसल्यामुळे. 'कम्प्युटरचं काहीतरी करतोय' हे उत्तर देऊ नका. विद्यापीठाचं नाव, शहर आणि राज्य, अभ्यासक्रमाचं नाव, सुरू कधी झाला आणि संपणार कधी, एवढं दोघांनाही सारखंच माहीत हवं. वडिलांनी '३ आठवडे' आणि आईने 'सहा महिने राहू की' म्हटलं तर झालंच. शिक्षण संपल्यावर तो काय करणार, याला खरं उत्तर द्या. ओपीटीवर (शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करायची परवानगी) काम करणार असेल तर तसं सांगा, तो कायदेशीर हक्क आहे. 'लगेच परत येणार' असं पाठ केलेलं वाक्य अधिकारी रोज ऐकतात.

मुंबईत मराठीत मुलाखत मागता येते, संकोच नको. मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी बरी. दोन वेगळ्या फेऱ्या असतात हेही लक्षात ठेवा: एक दिवस व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. वकिलातीत मोबाइल, स्मार्ट घड्याळ काहीही आत नेता येत नाही. ज्येष्ठांसोबत गेलेल्यांनी बाहेर भेटायची जागा आधीच ठरवून ठेवावी, कारण फोन नसताना शोधाशोध होते.

गुलबक्षी

नाकारला तर पुन्हा लगेच अर्ज करावा का?

सह्यकडा

२१४(ब) खाली नाकारला तर अपील नसतं. नवा अर्ज, नवी फी. कायद्याने मध्ये थांबण्याचं बंधन नाही, पण परिस्थितीत किंवा सादर केलेल्या माहितीत काहीच बदल नसेल तर निकाल बदलण्याचं कारणही नाही. चिठ्ठीवर २२१(ग) असेल तर ती पूर्ण नकाराची गोष्ट नाही. कागद हवेत किंवा तपासणी चालू आहे इतकाच अर्थ. ते कागद चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे द्यायचे आणि तिकीट काढायला थांबायचं.

निवांत७४

जुना व्हिसा संपलेल्यांना ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा, मिळतो का? आमच्या सोसायटीतल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ८० च्या वरच्यांना मुलाखत नसते असं फिरतंय.

ओसरी

ते आता जुनं झालं. २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांची वयामुळे मिळणारी सूट काढून टाकली आहे. ड्रॉपबॉक्स मिळतो तो मुख्यतः आधीचा पूर्ण मुदतीचा बी व्हिसा संपून १२ महिन्यांच्या आत नूतनीकरण करणाऱ्यांना, आणि तेव्हाही अधिकारी मुलाखतीला बोलावू शकतो. व्हिसा शाबूत आहे पण पासपोर्ट नवा आहे, अशांनी नवा व्हिसा काढू नये. दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. आणि जुन्या पासपोर्टातून व्हिसाचं पान फाडून काढायचा मोह टाळा, व्हिसाचं पान खराब झालं की तो बाद.

चष्मेवाला

आय-९४ वर कुणीच बोललं नाही अजून. खरा घोळ तिथे होतो.

व्हिसावरची १० वर्षं म्हणजे त्या मुदतीत अमेरिकेच्या दारात जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. बी-२ ला बहुधा ६ महिने मिळतात. आता बऱ्याच विमानतळांवर पासपोर्टात शिक्कासुद्धा मारत नाहीत, त्यामुळे ही तारीख कुणी आपणहून सांगत नाही. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मुलाला सीमाशुल्क विभागाच्या आय-९४ च्या साइटवरून दोघांची नोंद काढायला सांगा: पासपोर्ट क्रमांक, नाव, जन्मतारीख एवढं लागतं. छापून पासपोर्टात ठेवा. १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे आणि पाहुण्यांसाठी तो पुरावा म्हणजे हीच नोंद.

त्यात तीन गोष्टी बघा. व्हिसाचा प्रकार बी-२ आहे का (चुकून बी-१ पडतं), नावाचं स्पेलिंग, आणि राहण्याची शेवटची तारीख. पासपोर्टची मुदत ६ महिन्यांच्या आत संपत असेल तर तारीख अनेकदा तिथपर्यंतच दिली जाते. म्हणून कमी मुदतीचा पासपोर्ट घेऊन जाऊ नका. नोंदीत चूक असेल तर विमानतळांवर आणि मोठ्या शहरांत 'डिफर्ड इन्स्पेक्शन'ची कार्यालयं असतात, तिथे दुरुस्त होते.

त्या तारखेनंतर एक दिवस जरी राहिलं तरी तो १० वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर ३ वर्षं, एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर १० वर्षं प्रवेशबंदी. मुदत वाढवून हवी तर आय-५३९ अर्ज, तारखेच्या निदान ४५ दिवस आधी. हा अर्ज आजारपणासारख्या कारणासाठी ठेवावा. 'थंडी संपेपर्यंत राहू' हे कारण पुढच्या वेळी विमानतळावर महागात पडतं.

गुलबक्षी

म्हणजे ६ महिने राहून, महिनाभर इकडे येऊन, पुन्हा ६ महिने गेलं तर चालतं का? मध्ये किती दिवस भारतात राहावं लागतं?

चष्मेवाला

असा आकडा नियमात नाही. पण अधिकाऱ्याला ते 'राहणं' दिसलं की प्रश्न वाढतात आणि कमी दिवस देण्याचा किंवा परत पाठवण्याचा अधिकार त्याला आहे. शिकणाऱ्या मुलाकडे ६ महिने राहायचं कारणही पटण्यासारखं नसतं. त्याची खोली केवढी, त्याच्या परीक्षा कधी... ३ ते ५ आठवडे पुष्कळ झाले, असं माझं मत.

खडीसाखर

+१. आणि कधी जावं तेही महत्त्वाचं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मेच्या सुरुवातीला सेमिस्टरच्या परीक्षा असतात, तेव्हा गेलात तर मूल ग्रंथालयात आणि आईवडील खोलीत कोंडलेले. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते, पण उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ. मार्चमध्ये एक आठवड्याची स्प्रिंग ब्रेक. पदवीदानाला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी मुलाकडून लवकर करून घ्याव्यात: समारंभाची पाहुण्यांची तिकिटं (अनेक विद्यापीठांत मोजकीच देतात) आणि हॉटेल. छोट्या विद्यापीठगावांत त्या शनिवार-रविवारची हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. आणि समारंभ मैदानात असेल तर छपराखालच्या, लिफ्टजवळच्या जागा ज्येष्ठांना मागून घेता येतात, विद्यापीठाच्या पानावर 'अ‍ॅक्सेसिबल सीटिंग' शोधा.

पाणपोई

विम्याबद्दल. मुलाचा विद्यापीठाचा विमा आईवडिलांना लागू होत नाही. अमेरिकेच्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे काहीजण तो काढतच नाहीत. माझं म्हणणं, विमान चुकलं तरी चालेल पण विम्याशिवाय जाऊ नका.

दोन जाती आहेत. 'फिक्स्ड बेनिफिट' प्रकारात प्रत्येक उपचारामागे ठरलेली रक्कम मिळते, बाकीचं बिल तुमचं. हप्ता कमी असतो म्हणून लोक हा घेतात, आणि अमेरिकेतलं बिल त्या ठरलेल्या रकमेच्या कित्येक पट येतं. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' प्रकारात डिडक्टिबल (सुरुवातीची रक्कम) तुम्ही भरता आणि त्यापुढे पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत कंपनी ८० ते १०० टक्के देते. यात नेटवर्कमधलं हॉस्पिटल असेल तर ते थेट कंपनीला बिल पाठवतं. हाच घ्यावा.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आधीपासून असेल तर पॉलिसीत 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' हे शब्द शोधा. जुना आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उसळला आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले, तरच ते लागू होतं. साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांना दाखवणं, औषध बदलून घेणं, नियमित तपासण्या हे त्यात येत नाही. ७० नंतर ही मर्यादा पुष्कळ खाली येते, ८० नंतर आणखी. वय बघून तक्ता वाचा, जाहिरातीतला मोठा आकडा तरुणांसाठी असतो.

तीनदगडी

भारतीय कंपनीची पॉलिसी अर्ध्या हप्त्यात येते. उगाच डॉलरमध्ये कशाला?

पाणपोई

चालेल, पण कागद वाचून. ती भारत सोडण्याआधीच काढावी लागते, विमानात बसल्यावर नाही. जुन्या आजारांचं कव्हर बहुतेकींत फक्त जीवघेण्या प्रसंगापुरतं आणि छोट्या मर्यादेचं असतं. प्रपोजल फॉर्ममध्ये आजार लपवला तर दावा फेटाळायला तेवढं पुरतं. आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलला परदेशी कंपनीचं कार्ड ओळखीचं नसतं, तेव्हा दाखल होण्याआधी किंवा लगेच नंतर त्यांच्या सहाय्य क्रमांकावर फोन करून दाव्याचा क्रमांक घ्यावाच लागतो. धडधाकट, पन्नाशीतले आईवडील असतील तर ठीक आहे. पासष्टीपुढे आणि औषधं चालू असतील तर मी तिकडच्या योजनांशी तुलना केल्याशिवाय घेऊ देणार नाही.

आणखी एक: ताप, खोकला, मुरगळलेला पाय यासाठी 'अर्जंट केअर'मध्ये जायचं, इमर्जन्सीत नाही. बिलात कित्येक पटींचा फरक पडतो. छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, श्वास लागणं, तेव्हा मात्र बिलाचा विचार न करता ९११. इमर्जन्सी विभागाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता रुग्णाला स्थिर करावंच लागतं, तसा केंद्रीय कायदा आहे. बिल आलं की लगेच भरू नका. बाबवार बिल मागा, मग विमा कंपनीकडे पाठवा.

तीनदगडी

पटलं.

दक्षिणवारा

औषधांचं मी लिहितो, औषधाच्या दुकानात उभं राहणाऱ्याच्या नजरेतून.

राहण्याच्या दिवसांची औषधं अधिक १५ दिवसांची जादा, आणि एकूण ९० दिवसांच्या आत. पाकिटातून काढून डब्यात भरलेल्या गोळ्या नेऊ नका. मूळ पट्ट्या, त्यावर नाव आणि मुदत दिसली पाहिजे. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी, तीवर ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव, मात्रा, आजार आणि पासपोर्टवर आहे तसं रुग्णाचं नाव. तिकडच्या डॉक्टरांना आपले ब्रँड कळत नाहीत. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं, हे सांगून ठेवा, नाहीतर इकडची गोळी आणि तिकडची गोळी असे दोन डोस होतात.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग एक-दोन दिवस उशिरा येणं नवीन नाही. इन्सुलिन तर कधीच खाली टाकू नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नसतं. सुरक्षा तपासणीत १०० मिलीची अट द्रव औषधांना लागू नाही, पण वेगळं काढून दाखवावं लागतं.

नेऊ नये असं: निमेसुलाइड (तिथे मान्यताच नाही), अ‍ॅनाल्जिन म्हणजे मेटामिझोल (तिथे १९७७ पासून बंद), कोडीनचं खोकल्याचं औषध. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम ही तिथे नियंत्रित औषधं आहेत, खरंच चालू असतील तर चिठ्ठीसह आणि मोजकीच. शेजाऱ्यांच्या मुलासाठी म्हणून दिलेली पुडी तर अजिबात नाही.

गोळ्यांच्या वेळा: वेळेत साडेनऊ ते साडेतेरा तासांचा फरक पडतो. रक्तदाबाची सकाळची गोळी तिकडच्या सकाळी घ्यायला लागायचं, हे बहुतेकांना जमतं. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं आणि फिटची औषधं यांचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने नको. आणि बीपीचं यंत्र बॅटरीवर चालणारं न्या.

खडीसाखर

आता खाण्याचं, म्हणजे आपला आवडीचा विषय :)

सामानात काय ठेवता यापेक्षा ते जाहीर करता का, याला महत्त्व आहे. 'खाद्यपदार्थ आहेत का' याला 'हो' म्हणा आणि काय ते सांगा. जाहीर केलेला नको असलेला पदार्थ फक्त काढून घेतात, लपवला तर दंड.

लाडू, चकल्या, शंकरपाळे, तयार मसाले, लोणची, पापड यांना सहसा अडचण येत नाही, विकतची सीलबंद पाकिटं असतील तर अधिकाऱ्याला वाचायला सोपं जातं. घरच्या चटणीच्या डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा. ताजी फळं, भाज्या, मांस आणि मांस असलेली सुपाची पाकिटंसुद्धा नकोत. ताजा कढीपत्ता नको, तो लिंबूवर्गातल्या रोगामुळे अडवतात. तांदूळ नको: खाप्रा नावाची धान्यातली कीड आपल्याकडे आहे, म्हणून प्रवाशाच्या सामानातला तांदूळ चालत नाही. हरभराही त्याच कारणाने. इंद्रायणी नेण्याचा हट्ट सोडा, तिकडच्या भारतीय दुकानात तांदूळ आणि डाळी दोन्ही मिळतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हा अगदी आपला घोळ. मोठ्या बॅगेत त्या चालत नाहीत, कारण खोबऱ्यात तेल जास्त असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. मुंबईतच बॅग उघडायला लावतात. आणि आखाती देशातून जाणार असाल, मध्ये एक रात्र विमानतळाबाहेर मुक्काम असेल, तर खसखस सामानात नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात आहे. गोडा मसाला, अनारसे घरून नेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

निवांत७४

बॅगांचं वजन किती? २३ किलोच्या दोन?

सह्यकडा

अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर इकॉनॉमीत माणशी २३ किलोच्या दोन असतात, पण स्वस्त भाड्यात आता एकच किंवा एकही नसते. तिकिटावरचं वाचा. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी. काटा घरी असावा, आणि २२ वर थांबा, कारण काट्याकाट्यात फरक असतो. दोघांचे कपडे दोन बॅगांत अर्धे अर्धे घाला, एक हरवली तरी कुणी उघडा पडणार नाही.

तिकीट एकाच पीएनआरवर काढा. दोन वेगळी तिकिटं जोडली तर मधल्या देशात सामान घेऊन पुन्हा द्यायला बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं, तिथेच सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलून सीमाशुल्क पार करून पुन्हा द्यायच्या, मगच पुढचं देशांतर्गत विमान. बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग असला तरीही. मध्ये ३ तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. अबुधाबीहून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि पुढे देशांतर्गत विमानासारखं बाहेर पडता, पण मग अबुधाबीतला थांबा लांबचा हवा.

गुलबक्षी

आईला चालता येतं, पण फार नाही. व्हीलचेअर मागितली तर व्हिसा किंवा इमिग्रेशनला त्रास?

सह्यकडा

अजिबात नाही. किमान ४८ तास आधी विमान कंपनीला सांगा, पैसे लागत नाहीत. तीन प्रकार असतात, फोनवर नीट सांगा: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही तो डब्ल्यूसीएचआर, जिना चढता येत नाही तो डब्ल्यूसीएचएस, अजिबात चालता येत नाही तो डब्ल्यूसीएचसी. तुमच्या आईंसाठी पहिला. मदतनीस इमिग्रेशनच्या रांगेतून आणि सामानापर्यंत नेतो, इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांना याचा खरा उपयोग. वडिलांनाही हवी असेल तर त्यांची वेगळी नोंदवा, नाहीतर आई पुढे आणि वडील मागे असं होतं. एका कागदावर मुलाचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख इंग्रजीत लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा.

ओसरी

मुक्कामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वसतिगृहात पाहुण्यांना मोजक्याच रात्री राहू देतात, आणि खोलीतल्या जोडीदाराची संमती लागते. बाहेर भाड्याच्या घरात असेल तर मुलाने करारातलं पाहुण्यांचं कलम वाचावं. अनेक करारांत ठरावीक दिवसांनंतर पाहुणा हा अनधिकृत भाडेकरू ठरतो आणि फटका बसतो मुलाला. चौघांच्या घरात एकच बाथरूम असेल तर पाचवा-सहावा माणूस महिनाभर म्हणजे अन्यायच आहे हो. जवळपास छोटं स्वयंपाकघर असलेली 'एक्स्टेंडेड स्टे' हॉटेलं मिळतात, आठवड्याचा दर रोजच्यापेक्षा कमी पडतो.

फोडणी! तिकडच्या बऱ्याच घरांत चिमणी हवा बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडते. मिरचीची खमंग फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो, आणि काही इमारतींत तो सबंध इमारतीचा. कढई लाल होईपर्यंत तापवू नका, खिडकी उघडा, आधी पंखा लावा. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं हा करारभंग असतो, ती युक्ती कुणी सुचवली तरी ऐकू नका.

मिक्सर नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० चा मिक्सर त्यावर नीट फिरत नाही आणि तेवढ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड. मोबाइल, लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना फक्त चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर पुरे. कुकर नेणारच असाल तर सपाट, जाड बुडाचा.

चष्मेवाला

पैशांचं थोडक्यात. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डावर. कुटुंबाकडे मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर अमेरिकेत उतरताना जाहीर करायचे, माणशी नव्हे. भारतीय नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करा, डेटा बंद ठेवला तरी चालेल, पण बँकेचे ओटीपी यायला ते लागतं. परत फोन करून तिथून चालू करायला गेलात तर त्यालाही ओटीपीच लागतो.

निवांत७४

नोव्हेंबरात तिकडे असणाऱ्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला?

चष्मेवाला

८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, म्हणजे देऊनच निघा. बाकीच्यांना १ नोव्हेंबरपासून. तेव्हा अमेरिकेत असाल तर भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून बँकेला पाठवता येतो. निघण्याआधी बँकेत जाऊन त्यांना कोणत्या नमुन्यात हवा ते विचारा. शेवटी तो स्वीकारणार त्यांचाच क्लार्क.

गुलबक्षी

शेवटचा प्रश्न. नायगारा बघायचाय. पलीकडच्या, कॅनडाच्या बाजूने चांगला दिसतो म्हणतात.

सह्यकडा

दिसतो, पण भारतीय पासपोर्टवर पूल ओलांडायला कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा व्हिसा पुरत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या बाजूने बोटीने अगदी पायथ्याशी नेतात, त्याला काहीच लागत नाही. आणि कॅनडात दोन दिवस जाऊन आलं की ६ महिने नव्याने मिळतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ३० दिवसांच्या आतल्या अशा फेरीनंतर बहुधा जुनीच आय-९४ चालू राहते.

परतताना विमानतळावर बाहेर जाण्याचा शिक्का नसतो. विमान कंपनीच्या यादीवरून नोंद आपोआप बंद होते. तरी बोर्डिंग पास फेकू नका. घरी आल्यावर १०-१५ दिवसांनी त्याच साइटवर प्रवासाचा इतिहास उघडून बाहेर पडल्याची तारीख पडलीय का बघा. नसेल तर हाच बोर्डिंग पास आणि मुंबईचा आगमनाचा शिक्का हा तुमचा पुरावा.